घरी सोडता, पण कुणाच्या हाती?

सकाळचा राउंड होतो. डॉक्टर फाइल चाळतात, जखम बघतात, "उद्या सोडू या" म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. खुर्चीत बसून काढलेल्या रात्री, कँटीनचा चहा, दर दोन दिवसांनी भरायचं डिपॉझिट, सगळ्यातून सुटका होणार असते. पण ऐंशीच्या घरातली, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेली किंवा अर्धांगाचा झटका आलेली आई घरी न्यायची असेल, तर त्या एका वाक्यात फार मोठी उलाढाल होऊन जाते. तीन पाळ्यांतल्या शिकलेल्या परिचारिका, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि हाकेच्या अंतरावरचे आरएमओ जे काम मिळून करत होते, ते सगळं दुसऱ्या दिवशी दुपारपासून घरातल्या एका माणसाच्या अंगावर येतं. बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर स्वतः सत्तरी ओलांडलेली बायको. तिला हे काम येतं का, हे कुणी विचारलेलं नसतं. घराचा जिना केवढा आहे, संडास कसला आहे, रात्री घरात कोण असतं, याचीही चौकशी झालेली नसते.

डिस्चार्ज म्हणजे एका थकलेल्या जिवाची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात देणं. ज्याच्या हातात द्यायची त्याला आधी शिकवायला हवं, आणि "आमची अजून तयारी झालेली नाही, दोन दिवस द्या आणि दाखवा कसं करायचं ते" असं म्हणायचा त्याचा हक्क मान्य व्हायला हवा. ही तयारी करून घेणं हे आज घराचं खासगी काम समजलं जातं. ते रुग्णालयाचं, महापालिकेचं आणि आमच्या या पट्ट्यात तर कारखान्यांचंही काम आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचं नाव मुद्दाम घेते, कारण प्रश्न इथे जितका टोकदार आहे तितका क्वचितच कुठे असेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्या दशकात टेल्को, बजाजसारखे कारखाने इथे उभे राहिले. सातारा, सांगली, अहमदनगर, कोकण, खानदेश, जिथून तिथून पोरं आली. १९७२ मध्ये त्यांच्या घरांसाठी प्राधिकरण निघालं. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती सव्वासतरा लाखांवर गेली. हे शहर तरण्या हातांसाठी वसलं. पहिल्या पाळीला बस पकडणाऱ्याच्या सोयीने रस्ते झाले, दोन जिने धावत चढणाऱ्याच्या हिशेबाने चाळी आणि इमारती उठल्या. त्या पिढीतली माणसं आता पंचाहत्तर-ऐंशीची झाली आहेत आणि त्याच लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या मागून चाकणची पिढी आली. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी इथल्या भाड्याच्या खोल्यांतून राहणारे लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याचे तरुण. यांचे आईवडील गावी असतात. गावाकडे निदान होत नाही म्हणून वडिलांना इथे आणतात, महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात नाहीतर एखाद्या खासगी रुग्णालयात दाखल करतात, आणि डिस्चार्जच्या दिवशी प्रश्न पडतो की न्यायचं कुठे. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे आणखी दोन जण रात्रपाळी करून दिवसा झोपतात? की तीनशेहून अधिक किलोमीटर दूर गावी, जिथे सांभाळायला भावजय आहे पण टाके काढणारं कुणी नाही? कार्डावर मात्र लिहिलेलं असतं, पाच दिवसांनी ओपीडीत दाखवणे.

कारखान्यात काम केलेल्या कुणालाही एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला मशीनची हालत सांगूनच जातो. कुठला आवाज येतोय, कुठलं टूल बदललं, काय अर्धवट राहिलंय. वॉर्डातल्या सिस्टरही पाळी बदलताना खाटेगणिक असंच सोपवून जातात. मग ही शिस्त रुग्णालयाच्या दारात येऊन का थांबते? सिस्टर सिस्टरला सगळं सांगते, आणि चोवीस तासांची पाळी जिच्या वाट्याला येणार तिच्या हातात एक कागद दिला जातो. तोही इंग्रजीत.

तो कागद कसा असतो ते एकदा जवळून पाहा. यमुनानगरमधल्या आमच्या ओळखीच्या घरी सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, हृदयाच्या दुखण्यातून नुकतंच घरी आणलं होतं. सून भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर नव्या गोळ्यांची पिशवी ओतली आणि शेजारी घरातला जुना बिस्किटांचा डबा उपडा केला, ज्यात अण्णांच्या आधीच्या गोळ्या होत्या. मग पार्ट नंबर तपासावेत तशी ती एकेक पट्टी उजेडात धरून बारीक अक्षरं वाचत बसली. नव्या पट्टीचं नाव वेगळं, जुन्या पट्टीचं वेगळं, पण दोन्हींवर खाली बारीक अक्षरात एकच, टेल्मिसार्टन. अण्णांचा शिरस्ता असा की जुन्या गोळ्या डॉक्टरांनी "बंद" म्हटल्याशिवाय सोडायच्या नाहीत, आणि कार्डावर नव्या गोळ्या लिहिल्या होत्या, जुन्यातल्या कुठल्या थांबवायच्या हे नव्हतं. तिने पाहिलं नसतं तर रक्तदाबाची गोळी दुप्पट गेली असती आणि पहाटे संडासला उठताना अण्णा चक्कर येऊन पडले असते. नवीन काय सुरू केलं, जुनं काय बंद केलं, कशाचा डोस बदलला, या तीन ओळी मराठीत लिहून द्यायला किती वेळ लागतो? आणि ज्या घरात अशी चिकित्सक नजर नाही, तिथे काय होत असेल?

गोळ्यांचं हे उदाहरण सगळ्यांत सोपं आहे. इन्सुलिनचं त्याहून नाजूक. वॉर्डात ठरलेल्या वेळी ठरलेलं जेवण येत होतं, त्यावर इन्सुलिनची मात्रा बसवलेली असते. घरी आल्यावर आई दोन घास खाऊन ताट सरकवते, सुई मात्र तेवढीच टोचली जाते आणि साखर खाली जाते. नाकातल्या नळीतून भरवताना डोकं आणि पाठ उंच ठेवायची, भरवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. लघवीच्या नळीची पिशवी कायम कमरेच्या खाली राहिली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये. जी व्यक्ती स्वतः हलू शकत नाही तिची कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे रात्रीसुद्धा. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावरही तो लालच राहिला, तर बेडसोरची ती सुरुवात असते. तिथे पावडर चोळायची नसते, त्या जागेवरचा भार काढायचा असतो. संध्याकाळ झाली की आजोबा असंबद्ध बोलू लागतात, चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाला हाका मारतात. दुखण्यामुळे, औषधांमुळे, जागा बदलल्यामुळे म्हातारपणी असा गोंधळ होतो, तो बहुधा उतरतो, आणि अचानक वाढला तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची असते. हे माहीत नसलेलं घर एक तर घाबरून जातं किंवा बाहेरचं काही लागलं म्हणून दुसऱ्याच वाटेला लागतं. यातलं काहीही वैद्यकशास्त्राची पदवी लागावी इतकं अवघड नाही. पण शिकवल्याशिवाय आपोआप येईल इतकं सोपंही नाही.

शिकवणं म्हणजे घाईघाईत सांगून टाकणं, असा एक समज वॉर्डावॉर्डात रुजला आहे. निघायच्या वेळी, बिल भरून झाल्यावर, स्ट्रेचर आल्यावर सिस्टर दोन मिनिटांत सगळं म्हणून दाखवतात. त्यांचाही दोष नाही, त्यांच्या वाट्याला खाटा इतक्या असतात की दम घ्यायला फुरसत नसते. मला एक प्रसंग आठवतो. नळीतून भरवायचं कसं ते सांगून सिस्टर निघाल्या, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही बघा, मी करून दाखवते." तिने सिरिंज लावली, आणि नळी जागेवर आहे का ते आधी तपासायला ती विसरली. सिस्टरनी तिथल्या तिथे हात धरून दाखवलं. पुढच्या जेवणाला तिने स्वतः केलं, चूक न करता. या मुलीने जे मागून घेतलं ते प्रत्येकाला न मागता मिळायला हवं. घरी जो सांभाळणार त्याला दाखल झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कामाला हात लावू द्यावा, आणि घरी जाण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने प्रत्येक गोष्ट एकदा तरी करून दाखवलेली असावी. डिस्चार्जची तारीख ठरवताना ताप, रक्तदाब, टाके यांच्या रांगेत हेही एक निकष म्हणून बसलं पाहिजे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं उपशामक उपचार केंद्र आहे. तिथे कर्करुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि घरी गेल्यावर काय करायचं ते तिथेच शिकतं. पिंपरीहून ते काही परदेशाइतकं लांब नाही.

डॉक्टर मंडळी यावर एक खरा आक्षेप घेतील. वायसीएमसारख्या साडेसातशे खाटांच्या रुग्णालयावर खेड, मावळ, जुन्नर, चाकणपासूनचा भार आहे. एक खाट दोन दिवस जास्त अडली तर बाहेर तिष्ठत असलेल्या दुसऱ्या कुणाचा जीव टांगणीला लागतो. शिवाय म्हाताऱ्या माणसाला रुग्णालयात ठेवणं धोक्याचंच असतं. हे मी पूर्ण मान्य करते. निरोगी वृद्धांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, फक्त १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवल्यावर त्यांच्या पायांचं जवळपास किलोभर मांस झडलेलं आढळलं. आजारी माणसाचं काय होत असेल! येल विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की तिकडच्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातले जवळपास पाचांतले एक रुग्ण डिस्चार्जनंतर ३० दिवसांत पुन्हा दाखल होतात, आणि बहुतेक वेळा ज्या दुखण्यासाठी आधी आले त्यापेक्षा वेगळ्याच कारणाने. झोपमोड, अपुरं खाणं, अंथरुणाला खिळणं यांनी शरीर इतकं खिळखिळं झालेलं असतं की बाहेर पडल्यावर काहीही निमित्त पुरतं.

म्हणून लवकर घरी सोडण्याला माझा विरोध नाही, न सांगता-शिकवता सोडण्याला आहे. तयारी पहिल्या दिवशी सुरू केली तर शेवटी दोन दिवस जास्त मागायची वेळ बहुधा येणारच नाही. दाखल करताना घरचा पत्ता लिहून घेतात, त्याच अर्जावर चार प्रश्न आणखी विचारता येतात: घर कितव्या मजल्यावर, संडास भारतीय की कमोड, दिवसा आणि रात्री घरी कोण, आणि गावी जाणार की इथेच राहणार. रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद आहे. त्यांचा सगळा दिवस योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि निधीची पत्रं यांत जातो. त्या चार उत्तरांवरून पुढची व्यवस्था लावणं हेच खरं तर त्यांचं काम. कमोडची खुर्ची, वॉकर, एअरबेड भाड्याने कुठे मिळेल, जिना कसा चढवायचा, गावाजवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात टाके निघतील, हे दाखल असतानाच ठरलं तर डिस्चार्जच्या संध्याकाळची धावपळ वाचेल. आणि पुन्हा दाखल होणारी खाट वाचेल, जिची चिंता डॉक्टरांना आहे.

जिन्याबद्दल थोडं. १०८ ची गाडी आणीबाणीला येते, घरी पोचवायला येत नाही. खासगी रुग्णवाहिका दारापर्यंत सोडते, पुढचे तीन मजले घरच्यांचे. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार शेजारी आजींना उचलतात, वळणावर खुर्ची तिरकी होते, आजी कठड्याला घट्ट धरतात आणि कुणीतरी "आजी, हात सोडा" म्हणून ओरडतं. नुकतंच हाड बसवलेल्या माणसाची ही मिरवणूक या शहरात रोज कुठल्या ना कुठल्या जिन्यात चालू असते. अग्निशमन दलासारखी, जिना चढवणाऱ्या खुर्च्या आणि शिकलेली माणसं असलेली एखादी गाडी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाकडे असणं या महापालिकेला परवडणार नाही, असं कुणी म्हणू नये.

पैशांचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यावर बरंच बोललं जातं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्डही मिळतं. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांची तपासणी आणि औषधं धरलेली असतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. मागून घ्या. खासगी विम्यात डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असं विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावलं आहे, उशीर झाला आणि त्यामुळे बिल वाढलं तर तो भार कंपनीचा. पण या सगळ्या योजना रुग्णालयाच्या भिंतीशी बांधलेल्या आहेत. घरी ठेवलेल्या मावशींचा पगार, डायपर, भाड्याची खाट यांना सहसा कुठलाच विमा हात लावत नाही. ब्यूरोतून बारा तासांची मावशी ठेवायची तर तिचा महिना जवळपास ठेकेदाराकडच्या कामगाराच्या पगाराएवढा होतो. म्हणजे घरातला एक पगार तिला द्यायचा, किंवा घरातल्या एकीने नोकरी सोडायची. नोकरी कोण सोडते हे सांगायला नको. पॅकिंगला, हार्नेसच्या लाइनवर उभ्या राहणाऱ्या कितीतरी बायका दरवर्षी अशाच गुपचूप घरी बसतात आणि त्यांची नोंद कुठेही होत नाही.

मला ज्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे ते म्हणजे वेळ. हल्लीच्या मुलांना आईवडील नकोसे झालेत, संस्कार उरले नाहीत, असं व्यासपीठांवरून फार सहज म्हटलं जातं. टाकून देणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी २००७ चा पालक पोषणाचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते, आणि ते योग्यच आहे. पण जी टाकून देत नाहीत त्यांच्यासाठी या देशात काय आहे? वडिलांना घरी आणलं त्या आठवड्यात ठेकेदाराकडच्या मुलाने चार दिवस सुट्टी टाकली की चार खाडे लागतात. आठवड्यापेक्षा जास्त घरी राहिला तर त्याच्या जागी दुसरा उभा असतो. कायम कामगाराचीही फार वेगळी गोष्ट नाही. वीस दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा हा कारखान्यांचा जुना हिशेब. ती दिवाळीत, गावच्या जत्रेत, घरच्या लग्नात संपलेली असते. कामगार राज्य विमा योजनेत (ईएसआय) स्वतः आजारी पडलं तर ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. त्याच योजनेतून मोहननगरच्या रुग्णालयात त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवर मोफत उपचार होतात. पण त्या आईला घरी आणून पहिले पाच दिवस तिच्या उशाशी बसायला एक दिवसही मिळत नाही. बाळंतपणाला २६ आठवड्यांची पगारी रजा आली, पाळणाघराची सक्ती आली, आणि त्यासाठी या देशातल्या बायका-पुरुषांना दीर्घ लढा द्यावा लागला. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे मात्र कायद्याने अजून पाहिलेलंच नाही.

आणि हे अशक्य म्हणावं तर ज्यांच्या गाड्या आणि टायर आपण इथे बनवतो त्यांच्या देशांकडे बघू. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले, पुढे ब्रिजस्टोन आली. जर्मनीत जवळच्या नातेवाइकाची देखभाल अचानक अंगावर आली तर नोकरदाराला वर्षाला १० कामाचे दिवस घरी राहता येतं, आणि बुडालेल्या निव्वळ पगारातला सुमारे ९० टक्के भाग देखभाल विम्यातून मिळतो. हा विमा तिथे १९९५ पासून आहे. जपानने तसाच विमा २००० साली आणला, आणि तिथे एका नातेवाइकामागे ९३ दिवसांची देखभाल रजा तीन हप्त्यांत घेता येते, पगाराच्या ६७ टक्के भरपाईसह. म्हणजे त्याच कंपनीच्या तिकडच्या कामगाराला म्हातारी आई घरी आणायला हक्काचे दिवस आहेत आणि इकडच्याला नाहीत. त्या कंपन्यांनी इथला कायदा मोडलेला नाही. इथे तो कायदाच नाही. आसाम सरकारने २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना आईवडिलांसोबत राहण्यासाठी दोन दिवसांची खास रजा दिली, ती आनंदाच्या सहवासासाठी होती. तीही चांगलीच, पण वॉर्डातून घरी येणाऱ्या बापाची गरज त्याहून निकडीची आहे.

रजेने पहिला आठवडा निभावेल. पुढे दारात कुणीतरी जाणतं माणूस यायला हवं, आणि त्याचा नमुना महाराष्ट्रानेच देशाला दिलेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिच्यामुळे तिथले बालमृत्यू किती खाली आले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ पासून ते देशाचं धोरण झालं. आज रुग्णालयात जन्मलेलं बाळ घरी गेलं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, वजन घेतात, ताप बघतात, धोक्याची लक्षणं तपासतात. पहिले सहा आठवडे बाळासाठी नाजूक, म्हणून हे वेळापत्रक. रुग्णालयातून घरी आलेल्या ऐंशीच्या आजीसाठीही पहिला महिना तेवढाच नाजूक. तिच्या घरी दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, पंधराव्या दिवशी कुणी का येऊ नये? गोळ्यांचा डबा बघायला, पाठ आणि टाचा बघायला, नळी बघायला, आणि त्या सुनेला "तुम्ही झोपता का नीट?" एवढं विचारायला. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, आणि त्यांच्या मानधनाचं रडगाणं संपत नाही, म्हणून हे त्यांच्याच डोक्यावर टाकावं असं मी म्हणत नाही. यासाठी पगारी परिचारिका हव्यात. केरळने ते करून दाखवलं. मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या लोकांनी उभारलेल्या उपशामक सेवेला २००८ मध्ये राज्याने धोरणाचं रूप दिलं, आणि तिथे पंचायतीच्या सेवेतली परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते. आपल्या महापालिकेचे दवाखाने आहेत, भोसरी, थेरगाव, आकुर्डीला रुग्णालयं आहेत, वॉर्डावॉर्डात ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत, जिथे निवृत्त पण धडधाकट, वेळ असलेली, कारखान्यातली शिस्त अंगी मुरलेली माणसं रोज जमतात. परिचारिका महापालिकेची आणि तिच्या जोडीला गल्लीतले दोन ज्येष्ठ, एवढ्यावर सुरुवात करता येते. वायसीएममधून रोज घरी जाणाऱ्यांपैकी फक्त सत्तरीपुढच्यांची यादी संध्याकाळी त्या त्या दवाखान्याला गेली तरी पुष्कळ होईल.

चाकणची बाजू याहून कठीण. तिथे महापालिका नाही, वस्ती फिरती, आणि ग्रामीण रुग्णालयावर तळेगाव चौकातल्या अपघातांपासून सगळं काही येऊन पडतं. तिथे आधार कारखान्यांचाच. सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळांना बाक आणि संगणक दिले जातात, त्याच निधीतून पाच-सहा गावांमागे एक घरपोच परिचारिका आणि भाड्याने न देता उसनी द्यायची खाट, वॉकर, कमोडच्या खुर्च्यांचं भांडार उभं राहू शकतं.

रजेसाठी तर कायद्याची वाट बघायचीही गरज नाही. या पट्ट्यात दर तीन-साडेतीन वर्षांनी वेतनवाढीचे करार होतात. पेढे वाटले जातात, फोटो येतो, आणि खाली कलमं छापलेली असतात: पगारवाढ, मेडिक्लेम, मृत्यू साहाय्य, लग्नाची रजा. आईवडील गेल्यानंतरची दुःखरजा अनेक करारांत असते. ते हयात असतानाची, त्यांना रुग्णालयातून घरी आणल्यावरची वर्षाला सात-आठ दिवसांची पगारी देखभाल रजा कुठल्याही युनियनने मागणीपत्रात टाकली तर व्यवस्थापनाला तिचा खर्च दोन ओळींत मांडून दाखवता येईल, कारण दरवर्षी ती फारच थोड्यांना लागेल. डिस्चार्ज कार्ड दाखवायचं, रजा घ्यायची. ठेकेदाराकडच्या मुलांना ती मिळाली तरच तिला अर्थ आहे, कारण कायम कामगाराच्या घरी निदान पेन्शन मिळणारा बाप असतो आणि स्वतःची खोली असते. पुढच्या करारांची मागणीपत्रं लिहिली जातील तेव्हा हे कलम मेडिक्लेमच्या वर लिहा. आणि वॉर्डात "उद्या सोडू या" ऐकाल तेव्हा खाटेजवळून हलू नका. कोणत्या गोळ्या बंद केल्या ते मराठीत लिहून घ्या, नळीचं आणि कुशीचं काम सिस्टरांसमोर स्वतः करून दाखवा, रात्री दोन वाजता उचलला जाईल असा एक फोन नंबर कार्डावर लिहून घ्या. यातलं एकही राहिलं असेल, तर उद्याऐवजी परवा सोडा म्हणून सांगा.